मारुतीच्या आडाचं पाणी

"पाणी गोड आहे. तरी बघणे."

एवढीच चिठ्ठी. वहीच्या पानाचा चतकोर, रबर लावून बाटलीला बांधलेला. गावाचं नाव नाही, विहीर कुठली ते नाही, तारीख नाही. बाटली देशी दारूची, चपटी. बूच मात्र नवं. टेबलावरच्या बाकीच्या बाटल्यांमधून ती उचलली आणि हसू आलं, कारण अक्षर ओळखीचं होतं. आमच्या गावच्या मारुतीच्या देवळापुढं जो फळा आहे, त्यावर रोज सकाळी याच अक्षरात सुविचार लिहिलेला असतो. तात्यांचं अक्षर. तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते, आणि वर्षभरापूर्वी याच पाण्यावरून माझ्याशी महिनाभर न बोललेले गृहस्थ.

मी तालुक्याच्या गावी पाणी तपासणी प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. कंत्राटी. नववं वर्ष. पगार कधी होतो ते विचारू नका, पाण्याचं काय ते विचारा.

आमच्याकडं नमुने कशाकशातून येतात याची यादी केली तर लोकांना खोटं वाटेल. फिनेलचा डबा, सोयाबीन तेलाचा पाच लिटरचा कॅन, तळाशी नारिंगी थर तसाच असलेली कोल्ड्रिंकची बाटली. एकदा एक म्हातारबा धोतराच्या सोग्यानं झाकून तांब्याच आणला होता, एसटीत तीस किलोमीटर, हातात धरून. अर्धं पाणी धोतरावर. मी म्हणाले, बाबा, दोन लिटरचा स्वच्छ कॅन घ्यायचा, त्याच पाण्यानं तीनदा विसळायचा, मग भरायचा. ते म्हणाले, "तांब्या राखेनं घासून आनलाय बाई, तुज्या कॅनापेक्षा साफ हाय." राखेनं घासलेल्या तांब्यातल्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, कितीही दाखवेल, हे त्यांना कसं सांगायचं? जंतूंसाठीची बाटली तर वेगळीच. ती आम्ही निर्जंतुक करून देतो, आत सोडियम थायोसल्फेट असतं, म्हणजे पाण्यात टीसीएल, ती जंतू मारायची पावडर, टाकलेली असली तरी क्लोरीन वाटेतच मारला जातो आणि बाटलीत जंतू होते तेवढेच राहतात. ती बाटली लोक हमखास उघडून, धुऊन, मग भरून आणतात. स्वच्छतेची हौस.

पण मला सांगायचंय ते 'गोड' या शब्दाबद्दल.

आमच्याकडं पाण्याच्या जाती तीन. गोड, मचूळ आणि खारं. त्यात वजनाचा दुसरा हिशोब असतो, हलकं पाणी आणि जड पाणी. गावात कुणालाही विचारा, कुठल्या विहिरीचं पाणी कसं ते तोंडपाठ असतं. सरकारी बोरचं जड. तळ्याकाठच्या हापशाचं मचूळ. आणि मारुतीच्या आडाचं गोड, हलकं, "अमृतावानी". माझ्या आईची परीक्षा तर याहून कडक. तिच्यापुढं पाणी म्हणजे फक्त डाळ. डाळ शिजली तर पाणी चांगलं, शिजंना तर वाईट. पोळ्याला पुरण घालायचं असलं की हरभऱ्याच्या डाळीसाठी आडाची घागर लागायचीच, नळाला कितीही पाणी येवो. बोरच्या पाण्यात डाळ तासभर उकळली तरी दाणा न् दाणा वेगळा राहायचा, मग ती चिडून चिमूटभर सोडा टाकायची आणि वर म्हणायची, "सोड्यानं पुरन काळं पडतं, पर करता काय."

एमएस्सीला असताना मी पहिल्यांदा जडपणाची तपासणी केली. फ्लास्कमध्ये पाणी, अमोनियाचं बफर, चिमूटभर निर्देशक. पाणी जांभळाच्या रसासारखं लालसर होतं. वरून थेंब थेंब ईडीटीए नावाचं द्रावण सोडत जायचं, हात हलवत राहायचं, आणि एका थेंबाला ते सगळं पाणी शाईसारखं निळं होतं. तो एक थेंब चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. नऊ वर्षं रोज बघते, अजून तो निळा रंग आला की बरं वाटतं. त्या सुट्टीत मी दोन्ही पाण्यांचे कॅन कॉलेजात नेले. बोरचा जडपणा लिटरला ६४० मिलिग्रॅम, आडाचा २८०. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला २०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालेल असं आहे. म्हणजे आईच्या डाळीनं दिलेला निकाल अगदी बरोबर होता. डाळीच्या पेशी पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थानं एकमेकींना धरून असतात. शिजताना तो सैल पडतो आणि डाळ फुटते. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलं की ते त्या पेक्टिनला गाठी मारून बसतं. सोड्यानं त्या गाठी सुटतात. मी हे आईला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "मंग? मी काय येगळं सांगायले?"

खरंच काही वेगळं सांगत नव्हती. म्हणूनच मलाही पुढची कितीतरी वर्षं वाटत राहिलं की आडाचं पाणी चांगलं.

मधे एक सूटबूटवाला येऊन गेला त्याची गोष्ट इथंच सांगून टाकते, पुढं लागणार आहे. दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. मी रविवारी माहेरी गेलेले. मारुतीच्या पारावर गर्दी, मधे टाय लावलेला एक पोरगा, घामानं डबडबलेला. त्याच्यापुढं दोन ग्लास. एकात हापशाचं पाणी, एकात त्याच्या पाणी गाळायच्या आरओ मशीनचं. दोन्हींत लोखंडी कांड्या बुडवल्या आणि बटन दाबलं. मिनिटभरात हापशाचं पाणी हिरवट, मग तपकिरी, मग वर गटारीसारखा फेस. मशीनचं पाणी जसंच्या तसं. "बघा माउली, हे तुम्ही रोज पिता." बाया तोंडावर पदर घेऊन मागं सरकल्या. एकजण तर म्हणाली, "अगं माय, हे लेकरास्नी पाजायलोय आपुन."

मी समोरच्या दुकानातून मीठ आणलं आणि मशीनच्या ग्लासात चिमूटभर टाकलं. पोरगा म्हणाला, "मॅडम, तसं करत नसतेत." मी म्हणाले, दाब बटन. दाबलं. तेही पाणी थोड्या वेळात तपकिरी. त्यात कुणाचं विष नव्हतं. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि वीज वाहिली की लोखंडाची कांडीच झिजून गंजासारखी पाण्यात उतरते. मशीनच्या पाण्यात क्षारच नाहीत, मग वीज कुठून वाहणार? मीठ टाकलं की वाहायला लागते. एवढाच खेळ. पोरग्यानं सामान आवरलं. बिचारा, उन्हात गावोगाव फिरत होता, त्यालाही आतलं काही माहीत नसावं. पण तोवर तीन घरांनी पैसे भरले होते आणि त्यातलं एक आमचं होतं. मी दादाला ती पावती रद्द करायला लावली. वर पारावर उभी राहून मोठ्यानं सांगितलं, आपल्या आडाचं पाणी असताना मशीन कशाला?

हे वाक्य मी म्हणाले होते. साक्षीदार पंधरा-वीस.

आता गेल्या वर्षीचा मे. माहेरी गेले की परत येताना मी आडाचं दोन लिटर पाणी कॅनमधून आणायची, प्रयोगशाळेतल्या चहासाठी. आमच्याकडच्या नळाच्या पाण्याचा चहा फाटल्यासारखा लागतो. त्या दिवशी आमच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरचा, म्हणजे पाण्यानं किती प्रकाश शोषला ते मोजणाऱ्या यंत्राचा, दिवा बदलून झाला होता आणि यंत्र नीट चालतंय का बघायला हाताशी असलेलं पाणी घ्यायचं म्हणून मी चहाचा कॅन उचलला. लावलं नायट्रेट, म्हणजे शेण-मूत आणि खतातून पाण्यात उतरणारा नत्राचा क्षार. तो असा मोजतात: पाण्यातून २२० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडायचा, नायट्रेट तो शोषून घेतं, किती शोषला त्यावरून हिशोब. सेंद्रिय घाण पण तोच प्रकाश शोषते, म्हणून २७५ वर पुन्हा एकदा मोजून त्याच्या दुप्पट वजा करायचं.

यंत्राच्या मापाबाहेर आकडा गेला. मला वाटलं दिवाच वाईट. माहीत असलेलं प्रमाणित द्रावण लावलं, ते बरोबर आलं. मग आडाचं पाणी पाचपट पातळ करून पुन्हा लावलं. ११८. पुन्हा केलं. ११७. लिटरला ११८ मिलिग्रॅम नायट्रेट. आपलं मानक ४५, आणि जडपणासारखी 'दुसरं नसेल तर चालेल' अशी सवलत नायट्रेटला नाही. ४५ च्या वर गेलं की शिक्का, 'पिण्यास अयोग्य'. असे शिक्के मी रोज मारते. बीड आणि नांदेड हे दोन्ही जिल्हे केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटच्या बाबतीत देशातल्या सगळ्यात वाईट १५ जिल्ह्यांत आहेत, हे मीच इतरांना भाषणात सांगत होते. आणि नऊ वर्षांत स्वतःच्या गावचा आड कधी लावला नव्हता. नमुने येतात ते नळयोजनेच्या बोरचे. आड कुठल्याच यादीत नाही, तो नुसता लोकांच्या घागरीत आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथं तर दिवाही मीच बदललेला.

हे सगळं डोक्यात फिरायला दोन मिनिटं लागली असतील. त्यानंतर लेकरू आठवलं.

वहिनी फेब्रुवारीत अंबाजोगाईला, तिच्या माहेरी बाळंत झाली होती. मेच्या पहिल्या आठवड्यात अडीच-तीन महिन्यांचं लेकरू घेऊन घरी आली. अंगावरचं पुरंना म्हणून वरचं पावडरचं दूध चालू केलं होतं. आणि आई, माझी आई, जिनं चार लेकरं वाढवली, ती लेकराच्या दुधासाठी जगातलं सगळ्यात चांगलं पाणी वापरत होती. मारुतीच्या आडाचं. ते पण उकळून. नुसतं उकळून नाही, निम्मं आटेपर्यंत उकळून, तिच्या सासूनं शिकवलं तसं.

नायट्रेट उकळून जात नाही. उडतही नाही, गाळूनही निघत नाही, तुरटीनं खाली बसत नाही, टीसीएलनं मरत नाही, कारण तो जंतू नाहीच. पाणी आटतं आणि तो तेवढाच राहतो. दोन लिटरचं एक लिटर केलं की ११८ चे २३६.

दुपारचे चार. दादाला फोन लावला, म्हणाले वहिनीकडं दे. वहिनी घाबरलीच. मी विचारलं, ओठ कसे आहेत त्याचे? नखं? ती म्हणाली, "ताई, कामून असं विचारायलाव? गुलाबी हायेत. आत्ता तर खेळायलंय." मी म्हणाले, बाटली ओतून दे. आत्ताच्या आत्ता. आणि तो उजेडात कसा दिसतो ते मला बघू दे. व्हिडिओ कॉलमध्ये लेकरू अंगठा चोखत होतं, चांगलं गुबगुबीत. मी खुर्चीवर बसले तेव्हा लक्षात आलं की हातात अजून पाण्याची कुपी आहे.

ओठांचं विचारलं त्याला कारण आहे. १९४५ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यातल्या हंटर कॉमली नावाच्या डॉक्टरांनी निळ्या पडणाऱ्या दोन तान्ह्या लेकरांची हकिकत छापली. हृदयात दोष नाही, फुप्फुसात नाही, तरी ओठ, नखं निळसर राखाडी. दोन्हींकडं गोष्ट एकच निघाली: शेतावरचं घर, शेजारी गोठा, उथळ विहीर, आणि त्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं वरचं दूध. आयोवा म्हणजे मक्याचा, डुकरांचा मुलूख, आपल्याशी काय संबंध? पण ती विहीर आणि तो गोठा उचलून केज तालुक्यात ठेवला तर कुणाला फरक कळणार नाही. होतं असं की तान्ह्या लेकराच्या पोटात आम्ल कमी असतं, त्यामुळं तिथं वाढणारे जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतात. ते रक्तात जातं आणि हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूपच बदलतं. मग ते रक्त प्राणवायू उचलत नाही. रंग चॉकलेटी होतो. मोठ्या माणसाच्या अंगात हे उलटवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, भरपूर असतं, तान्ह्यात कमी. पुढच्या संशोधकांनी दाखवलं की नुसतं पाणीच नाही, जुलाब-हगवणीचाही यात मोठा हात असतो. म्हणजे घाण विहीर दोन्ही बाजूंनी मारते. अंगावर पिणाऱ्या लेकराला मात्र धोका जवळपास नसतो, आईच्या दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही.

आमच्या लेकराला काही झालं नाही. का झालं नाही हे मी ठामपणे सांगू शकत नाही. दिवसाला दोनच बाटल्या होत्या, बाकी अंगावरचं. पोट चांगलं होतं. नशीब म्हणा.

आता प्रश्न, त्याला पाणी कुठलं द्यायचं. बोरचं मी संध्याकाळीच तपासलं, नायट्रेट २२, पण आई हटून बसली, "ज्या पान्यात डाळ शिजत न्हाई ते लेकराच्या पोटात शिजंल का?" या वाक्याला शास्त्रात उत्तर आहे, घरात नाही. तोवर दादानं नको तो विषय काढला. शांतपणे. "त्या दिवशी मशीन घेऊ दिली असतीस तर?"

खरं बोलायचं तर त्याचं चुकलं नव्हतं. आरओची जाळी नायट्रेटही बराचसा अडवते. जे मशीन मी पारावर उघडं पाडलं, त्याच्यातलं पाणी त्या लेकरासाठी आडापेक्षा बरं होतं. विकणाऱ्यानं खोटी परीक्षा दाखवली आणि मी खरी परीक्षा न करताच आडाला पास केलं. दोघांत जास्त चूक कुणाची, हे मी अजून ठरवलं नाही.

शेवटी शेजारच्या मोठ्या गावातून जार आणायचं ठरलं. मी म्हणाले, आधी तपासते. नायट्रेट ६. क्षार तर इतके कमी की चवच नाही. पण एक काळ्या बाटलीची सोपी तपासणी असते, १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेली. छोट्या बाटलीत औषध लावलेला कागद असतो, त्यात पाणी भरून उबदार जागी ठेवायचं. विष्ठेतले जंतू असले की ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात आणि पाणी काळंकुट्ट होतं. जारचं पाणी त्यात भरलं, ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली तव्यासारखी काळी. मशीन चांगलं होतं, जार धूत नव्हते. म्हणून मग आमच्या घरात नियम झाला: जारचं पाणी आणायचं नायट्रेटसाठी, आणि उकळायचं जंतूंसाठी. उकळी फुटली की बंद, आटवायचं नाही. आईला हे पटलं, कारण उकळणं तिचंच राहिलं.

आड का बिघडला हे बघायला मला यंत्र लागलं नाही. कठड्यावर उभं राहून फक्त गोल फिरायचं. पूर्वेला आमचा जुना गोठा. दक्षिणेला दोन घरांचे संडास, एकेका खड्ड्याचे, त्यातला एक आडापासून वीस फुटांवर. निदान पन्नास फूट तरी पाहिजे. पश्चिमेला तात्यांचा उकंडा, तीन पिढ्यांचा, पुरुषभर उंच. शेण-मूत कुजतं तेव्हा त्यातला नत्र शेवटी नायट्रेट होतो, आणि नायट्रेट मातीच्या कणांना चिकटून राहत नाही, पाण्याबरोबर सरळ खाली जातो. आपली काळी जमीन मेमध्ये हात जाईल एवढी भेगाळलेली असते. मृगाचा पहिला पाऊस जमिनीवर पसरायच्या आधी भेगांतून खाली, मुरमातून, खडकाच्या चिरांमधून थेट आडात. जूनच्या शेवटी मी पुन्हा लावलं तेव्हा १३१ आलं होतं. लोकांना वाटतं पाऊस पडला, पाणी नवं झालं. नवं झालं खरं, पण येताना उकंडा धुऊन घेऊन आलं. वर गावाबाहेर उसाला, सोयाबीनला, कपाशीला पडणारा युरिया आहेच, पण आमच्या आडाचं दुखणं मला तरी कठड्यावरूनच दिसलं.

तात्यांना सांगायला पारावर गेले ही चूक. घरात सांगायला पाहिजे होतं. चार माणसांत पुतणी येऊन म्हणते, तुमच्या उकंड्यानं आड नासला. तात्यांनी पानाची पिंक टाकली.

"माज्या आज्यानं खांदलाय तो आड. दुष्काळात, बाहत्तरला, सगळ्या हिरी आटल्या, हा आटला न्हाई. चार गावं पान्याला यायची. आन् तू यंतर घिऊन आलीस, म्हनं नासला."

मी म्हणाले, तात्या, आटला नाही आणि नासला नाही या दोन गोष्टी वेगळ्या.

"मंग आमी कसं जगलो? मी बहात्तर वर्साचा हाय. तुजा बाप ह्याच पान्यावर वाडला. तू वाडलीस."

मी सांगितलं, मोठ्या माणसाला एवढ्यानं लगेच काही होत नाही. सहा महिन्यांखालच्या लेकराला होतं, त्यात वरच्या दुधावर असेल तर. तात्या थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "मंग ज्यास्नी हुतं त्यास्नी देऊ नका. आमाला कशाला बोंबलून सांगायलीस?"

आणि उठून गेले. महिनाभर बोलणं बंद.

मला राग आला होता, पण घरी येताना मनात तेच वाक्य घोळत राहिलं. आमच्या शिक्क्यात 'पिण्यास अयोग्य' एवढंच असतं. कुणाला, किती, कशासाठी, काही नाही. शिक्का मारून पाठवलेले कागद ग्रामपंचायतीच्या कपाटात जातात आणि लोक पुढच्या सकाळी त्याच विहिरीवर. गावात पाच बायांना तपासणीचं किट शिकवलंय, ते किटही त्याच कपाटात असतं आणि चावी कुणाकडं ते कुणाला नक्की माहीत नसतं. जास्त नायट्रेटचं पाणी वर्षानुवर्षं पिऊन मोठ्यांना काय होतं यावर जगभर संशोधन चालू आहे, तेव्हा मी काही तात्यांना खुशाल प्या असं म्हणणार नाही. पण ज्याला आज धोका आहे त्याचं नाव तात्यांनी माझ्यापेक्षा नीट घेतलं होतं.

ते मला नंतर कळलं. पंधरा दिवसांनी आईचा फोन. "तात्याच्या फळ्यावर काय लिवलंय बगितलंस का? सुविचार पुसलाय." दादानं फोटो पाठवला. त्याच टपोऱ्या अक्षरात, खडूनं:

"सहा महिन्याच्या आतील लेकरास या आडाचे पाणी देऊ नये. उकळून सुद्धा देऊ नये. हुकूमावरून."

कुणाच्या हुकमावरून ते लिहिलेलं नाही. फळ्यावर तो मजकूर पोळ्यापर्यंत राहिला. पावसानं दोनदा पुसला, दोनदा पुन्हा लिहिला. गल्लीतली एक सून बाळंत होऊन आली तर तिच्या सासूनं स्वतःहून घागर बोरवरून भरली, शिव्या देत का होईना.

दरवर्षी मृगाआधी उकंडा उपसून खत शेतात टाकतातच. तात्यांनीही उपसला. पण त्या वर्षी रिकाम्या खड्ड्यात पुन्हा शेण पडलं नाही. पुतण्यांना न सांगता त्यांनी गावाबाहेर बांधाला नवा खड्डा घेतला, आणि सकाळी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन काकू एवढं लांब चालायची म्हणून तिच्या शिव्या वेगळ्या. शेजारचा संडास तसाच आहे. त्याच्या मालकाला अजून मी जाऊन बोलले नाही. पारावर तर नाहीच बोलणार.

तर ही दारूची बाटली. तात्यांना फोन केला. मी म्हणाले, या बाटलीतलं मी लावणार नाही. "धुतलीय गं तीनदा, तू म्हनतीस तशी." मी म्हणाले, नवा कॅन घ्या, कठड्यावर उभं राहून भरा, तारीख टाका. ते स्वतः एसटीनं आले. पांढरं धोतर, टोपी, काखेत दोन लिटरचा कॅन, गळ्यापर्यंत भरलेला, तारीखवार. समोरच्या बाकावर बसून राहिले, निकाल घेतल्याशिवाय जायचं नाही असं ठरवून. मी नायट्रेट लावलं. पातळ करून, दोनदा.

९७.

मी त्यांना खरं ते सांगितलं. गेल्या मेमध्ये ११८ होतं, आवंदा मेमध्ये ९७. एकवीसनं उतरलंय, पण अजून दुपटीहून जास्त आहे. उकंड्यामुळंच उतरलं असं छातीठोक सांगता येत नाही, मधे एक पावसाळा गेलाय, एका वर्षाच्या दोन आकड्यांवरून काही म्हणू नये. जमिनीत मुरलेलं निघायला वर्षं लागतात. पुढच्या मेला पुन्हा बघू, मग त्याच्या पुढच्या.

तात्यांनी ऐकून घेतलं. खिशातून डायरी काढून ९७ लिहिलं, खाली रेघ मारली. उठताना थांबले.

"आन् डाळीचं लावलंस का? ती बिगडली तर न्हाई ना?"

मी फ्लास्क घेतला. बफर टाकलं, निर्देशक टाकला, पाणी जांभळाच्या रसासारखं झालं. तात्या खुर्ची ओढून जवळ बसले.